पोटांतील गांठ आणि मनांतील गांठ

देवनार येथें आमच्या शेजारीं एक मोठें एकत्र कुटुंब आहे. तेथील वडील गृहस्थांचें, म्हणजे आबांचें, मूतखड्यासाठीं सी.टी. स्कॅन झालें. खडा सांपडलाच, पण अहवालांत ‘डाव्या अधिवृक्क ग्रंथींत दोन सेंटिमीटरांची गांठ’ असेंही लिहिलेलें होतें. त्या एका ओळीनें घरांतील अन्न गोड लागेनासें झालें. आम्ही वैद्य नव्हे. तथापि जाणत्यांस विचारून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

ही ग्रंथि मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली असते. वजन अवघें चार-पांच ग्रॅम. पण रक्तदाब सांभाळणारे स्राव तिचे. दुसऱ्याच कारणासाठीं काढलेल्या चित्रांत तिच्यांत गांठ आढळणें आतां नवलाचें राहिलें नाहीं, आणि अशा बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात. निरुपद्रवी गांठींत पुष्कळदां मेद असतो व मेद क्ष-किरणांस फारसा अडवीत नाहीं. १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या हौन्सफील्ड यांच्या मापांत पाणी म्हणजे शून्य व हवा म्हणजे उणें हजार. शिरेंत रंगद्रव्य न सोडतां काढलेल्या चित्रांत एकजिनसी गांठीचा अंक १० किंवा त्याहून कमी भरला, तर ती कर्करोगाची नव्हे असें डॉक्टर मानतात. अंक अधिक किंवा आकार चार सेंटिमीटरांहून मोठा असेल, तर मात्र पुढील शोध घ्यावा लागतो.

परंतु चित्रावरून गांठीचें रूप कळतें, करणी कळत नाहीं. ती कोणता स्राव अधिक सोडते, हें रक्त-लघवीच्या तपासणीनेंच समजतें. फिओक्रोमोसायटोमा नांवाच्या गांठींत नकळत सुई घातल्यास रक्तदाब उसळून जिवावर बेतूं शकतें. म्हणून तपासणी आधीं, सुई मागाहून. ही गांठ हुडकण्यासाठीं आयोडीन-१३१ जोडलेलें एक द्रव्य शिरेंतून देतात. गांठ तें शोषून घेते व कॅमेऱ्यांत उमटते. देवनारच्या पलीकडे, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुभट्टींत हेंच आयोडीन तयार होतें, हें आम्हांस आजवर ठाऊक नव्हतें!

आबांचा अंक चार भरला व रक्तही निर्दोष निघालें. तेव्हां वाचकहो, असा अहवाल हातीं आल्यास रडारड न करितां तीन प्रश्न पुसावे: आकार किती, अंक किती, स्राव तपासले काय? आणि जुनीं चित्रें रद्दींत घालूं नयेत. गांठ वाढली कीं तशीच आहे, याची साक्ष तींच देतात.