बोटीवर लिथियम बॅटरी? आधी वायरिंग पाहा

मच्छीमार नौकेवरचे दिवे, वायरलेस, फिश फाइंडर बॅटरीवरच चालतात. जुनी लेड-ॲसिड काढून त्याच वायरींवर थेट लिथियम बसवणे मात्र धोक्याचे. ४ सेलची ‘एलएफपी’ बॅटरी १२.८ व्होल्टची, त्यामुळे वरवर फरक जाणवत नाही. पण रिकामी असताना ती अल्टरनेटरकडून एकसारखा भरपूर करंट ओढते. तो तापून जळू शकतो. बीएमएसने अचानक जोडणी तोडली, तर उसळलेल्या व्होल्टेजने त्याचे डायोडही जाऊ शकतात. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच.

शॉर्टसर्किटमध्ये हजारो अँपिअर वाहू शकतात. तेवढा प्रवाह तोडणारा फ्यूज पॉझिटिव्ह टोकालगतच हवा. गाडीचा साधा फ्यूज इथे चालत नाही. आणि वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच घ्यावी, साधे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते. नेमकी इथेच काटकसर होते.