राणीला उडवायचं राहू द्या, आधी छप्पर द्या

जुन्या विमानाचा फोटो दाखवला की एक प्रश्न हमखास येतो: "हे परत उडेल का रे?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. थांबा, शिव्या नंतर घाला.

आमच्या बीडला प्रवासी विमान उतरत नाही. लहानपणी आम्ही आकाशातली पांढरी रेघ बघूनच खूश व्हायचो. त्यामुळे गोव्याला गेलो की मित्र बीचवर आणि मी बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाच्या विमान संग्रहालयात. तिथे उघड्यावर एक लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. तीन शेपट्या, चार पिस्टन इंजिनं, एकेकात १८ सिलिंडर. एअर इंडियात असताना नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. म्हणजे आपल्या वेरूळची राणी! जेट आले आणि तिचा जमाना संपला. मग हवाई दल, मग नौदलात समुद्रावर टेहळणी.

आणि त्या जेटचं तरी काय केलं आपण? एअर इंडियाने शेवटची चार जम्बो ७४७ विकून टाकली. त्यातलं एक २२ एप्रिल २०२४ला मुंबईहून उडालं. वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला, आपण व्हिडिओ फॉरवर्ड केले. संपलं.

आता 'उडेल का' बद्दल. प्रेशराइज्ड केबिन प्रत्येक उड्डाणात फुग्यासारखी थोडी फुगते, उतरताना बसते. पत्र्याला बारीक चिरा जातात. कॉमेट या पहिल्या प्रवासी जेटची दोन विमानं १९५४ मध्ये याच कारणाने हवेत फुटली. त्यात खारी हवा लागली की गंज सांध्यांच्या आत शिरतो, वरून रंग मात्र चकाचक. ब्रिटनमधलं एक जुनं व्हल्कन बॉम्बर हौशी लोकांनी २००७ पासून उडवलं. कंपन्यांनी तांत्रिक जबाबदारी सोडली आणि २०१५ला ते कायमचं जमिनीवर आलं. आपल्या भाषेत, सपोर्ट संपला.

मग शहाण्यांनी काय केलं? ऑस्ट्रेलियातलं लाँगरीच हे बीडपेक्षा कितीतरी छोटं, कोरडं, दुष्काळी गाव. क्वांटसचं पहिलं जेट, १९५९चं बोइंग ७०७, इंग्लंडमध्ये पडून होतं. जुन्या मेकॅनिक लोकांनी फुकट राबून ते दुरुस्त केलं. डिसेंबर २००६ मध्ये ते खरंच उडत ऑस्ट्रेलियात आलं, पुढच्या वर्षी लाँगरीचला उतरलं आणि थांबलं. उड्डाण केलं ते फक्त घरी यायला. २०२० मध्ये तर त्यावर भलंमोठं छप्पर घातलं. त्याच छपराखाली एक सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. राणीची बहीणच म्हणा.

कोरड्या हवेत त्यांना छप्पर लागतं, आणि आपण राणीला गोव्याच्या पावसात भिजत ठेवतो!

"पैसे कुठून आणायचे?" हेच विक्रांतच्या वेळी ऐकलं होतं. १९९७ला निवृत्त, २०१२ पर्यंत संग्रहालय, २०१४ला भंगार. तिच्या लोखंडाच्या मोटारसायकली निघाल्या. आता हळहळून काय उपयोग?

म्हणून सांगतो, उडवण्याची स्वप्नं बाजूला ठेवा. एक पत्र्याची शेड घाला, आणि ज्यांनी ती इंजिनं हाताने खोलली ती म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना बोलतं करा. वेरूळचं कैलास दगडाचं आहे, बाराशे वर्षं ऊनपाऊस खाऊन उभं आहे. पत्र्याच्या राणीकडे तेवढा वेळ नाही.

असो. सोमवारी रिलीज आहे, झोपतो.