पदर खोचायचा की पिस्तूल?

आपल्या आज्यांकडे अंगावर वस्तू ठेवायच्या किती जागा होत्या, आठवून बघा. सुटे पैसे कनवटीला, चाव्यांचा जुडगा कमरेच्या छल्ल्याला, पानसुपारी चंचीत, घडी घातलेली नोट पदराच्या गाठीत नाहीतर चोळीत. काय कुठे आहे हे बघावं लागत नसे, हात आपोआप तिथे जाई. आणि समोरच्याला काही म्हणजे काही दिसत नसे.

आता चाव्यांच्या जागी पिस्तूल आहे असं समजा. दचकलात ना? पण अमेरिकेतल्या लाखो बायका रोज सकाळी घराबाहेर पडताना हाच विचार करतात. आज कपडे कुठले घालायचे, आणि त्यात पिस्तूल बसणार कुठे?

‘अमेरिकेतल्या बायकांचं काय ते त्या बघतील, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणू नका. तालुक्याच्या गावातूनसुद्धा आज कुणाची लेक डॅलसला असते, कुणाची सून ह्यूस्टनला. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवाना न काढताही पिस्तूल बाळगून फिरता येतं. अशी मुभा आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत आहे. व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलींना सहसा बंदूक घेता येत नाही. पण शेजारीण, नातवाच्या मित्राची आई, दुकानातल्या रांगेतली बाई, यांच्यापैकी कुणाजवळही ती असू शकते. आणि इकडे आपल्याकडेही एखादी भयंकर घटना घडली की ‘बायकांना पिस्तुलाचे परवाने द्या’ ही मागणी ठरलेलीच! टाळ्याही पडतात. म्हणून म्हटलं, टाळ्या वाजवण्याआधी एक साधा बायकी प्रश्न विचारू या. मिळालं पिस्तूल, पण ते ठेवणार कुठे?

अंगावर पिस्तूल ठेवायच्या घराला होल्स्टर म्हणतात. तलवारीला म्यान, तसं पिस्तुलाला होल्स्टर. चांगल्या होल्स्टरची पहिली अट अशी की पिस्तुलाचा चाप त्यात पूर्ण झाकला गेला पाहिजे. चापाला बोट, किल्ली, दुपट्ट्याचं टोक, काही म्हणता काही लागता कामा नये. दुसरी अट, ते कडक हवं. कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकची होल्स्टर लोकप्रिय आहेत ती यासाठीच. चामड्याचं वापरून वापरून मऊ पडलं, की त्याची कड आत दुमडते आणि पिस्तूल आत सरकवताना चापाला लागू शकते. तिसरी अट, पिस्तूल घट्ट बसलं पाहिजे. वाकलं, धावलं, मूल उचललं तरी पडता कामा नये. आणि चौथी अट म्हणजे भक्कम पट्टा. गोळ्या भरलेलं छोटं पिस्तूलसुद्धा अर्ध्या किलोच्या आसपास जातं. एवढं वजन एकाच बाजूला दिवसभर ओढत राहिलं तर साध्या इलॅस्टिकचं काय होईल, ते आपल्याला सांगायला नको.

इथेच बाईचं घोडं अडतं. ही सगळी रचना झाली पुरुषाच्या अंगासाठी. त्याची कंबर सरळ, पँटला पट्ट्याचे लूप, वरून ढगळ शर्ट. बाईची कंबर आत जाते आणि खाली नितंब रुंद होतात. त्यामुळे पट्ट्याला लावलेल्या पिस्तुलाचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि वरची मूठ फासळ्यांत रुतते. कमरेपासून काखेपर्यंतचं अंतरही कमी, म्हणून पिस्तूल उपसायला हात वर पुरत नाही. पोटावर लावलं तर बसताना टोचतं. बाळंतपणानंतर पोटाचा आकार बदलतो, मग सगळंच पुन्हा नव्याने जमवायचं. आणि कपडे? त्यांना धड खिसा नसतो, तिथे पिस्तुलाला जागा कुठली!

मग बाजाराने बायकांसाठी वेगळे प्रकार काढले. पोटाभोवती गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा, मांडीला बांधायचं होल्स्टर, घोट्याला लावायचं, अगदी अंतर्वस्त्राला अडकवायचंसुद्धा. प्रत्येकाची काही ना काही तक्रार आहेच. मांडीचं चालताना घासतं आणि घसरतं. घोट्याचं काढायला खाली वाकावं लागतं, म्हणजे संकट समोर उभं असताना मान खाली! पोटपट्टा सगळ्या कपड्यांत चालतो, पण उन्हाळ्यात घामाने अंग सोलवटतं. त्यातला नुसता इलॅस्टिकचा खिसा चापाला संरक्षण देत नाही, त्यात कडक कवच असलेलाच घ्यावा लागतो. अंतर्वस्त्रातल्या प्रकारात तर पिस्तूल ठेवता-काढताना नळी आपल्याच अंगाकडे वळण्याची भीती.

एवढी कटकट झाली की बाई काय करते? आपण जे करतो तेच. ‘जाऊ दे बाई’ म्हणते आणि पर्समध्ये टाकते!

आणि पर्स ही सगळ्यांत वाईट जागा. का, ते आपल्याला कळायला शस्त्रशास्त्र शिकायची गरज नाही. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, लग्नात कुणाच्या तरी हवाली करतो. चोर हिसकावतो तीही पर्सच. आणि ‘मम्मी, चॉकलेट आहे का?’ म्हणत मुलांचा हात पहिल्यांदा जातो तोही तिच्यातच. डिसेंबर २०१४मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यात नेमकं असंच झालं. एक तरुण आई मुलांना घेऊन दुकानात खरेदी करत होती. पर्समध्ये पिस्तूल होतं. पर्ससुद्धा साधी नव्हे, पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली, खास बायकांसाठी बनवलेली. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने ती चेन उघडली. गोळी सुटली आणि आई जागीच गेली. ना कुणी गुंड आला होता, ना कुणी हल्ला केला होता. संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूनेच घात केला.

म्हणून आरामशीर होल्स्टर शोधणाऱ्या बाईला कुणी नटवी म्हणू नये. इथे आराम हाच सुरक्षिततेचा प्रश्न आहे. टोचणारी वस्तू माणूस काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेलं पिस्तूल दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागतं. ज्यांना ते बाळगायचंच आहे त्यांनी ते अंगावरच ठेवावं, चाप झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये ठेवावं, आणि अंगावरून उतरवलं की थेट कुलपात. मधली जागा नाही. उशीखाली नाही, गाडीच्या कप्प्यात नाही, फ्रिजवर नाही. नवं होल्स्टर आधी घरी पिस्तूल रिकामं करून, पुन्हा पुन्हा तपासून, दिवसभर वापरून बघायचं असतं. बसा, उठा, वाका, जिना चढा, स्वयंपाक करा. म्हणजे हे काम दागिना घालण्यासारखं नाही, तान्हं मूल सांभाळण्यासारखं आहे. क्षणभरही विसरून चालत नाही.

आपल्याकडे मात्र पिस्तुलाची विक्री दागिन्यासारखीच करून बघितली गेली. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर, २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं. वजन साधारण ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि यायचं ते दागिन्याच्या डबीसारख्या मरून रंगाच्या डबीत! सव्वा लाख रुपये कुणाकडे असतात? रात्री दहाला कारखान्यातून पायी घरी येणाऱ्या मुलीकडे, की बंगल्यापासून गाडीपर्यंतच चालणाऱ्या बाईकडे? जिला खरी भीती, तिच्या आवाक्यातच ते नव्हतं.

कायद्याचंही जाता जाता सांगते. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतोच. त्यासाठी पोलिसांची चौकशी होते, हाताळणीचं प्रशिक्षण लागतं. २०१६च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. विनापरवाना हत्यार बाळगलं तर शिक्षा किमान दोन वर्षांची. तेव्हा ‘असू दे घरात एखादा गावठी कट्टा’ म्हणणाऱ्या भावाला किंवा दिराला हे जरूर ऐकवा.

पण मला खरा खटकतो तो वेगळाच मुद्दा. होल्स्टरची एवढी सगळी खटपट कशासाठी? तर शस्त्र लपावं म्हणून. लपवायचं कुणापासून? रस्त्यावरच्या अनोळखी माणसापासून. आता जरा आकडे बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुलींचे खून झाले. त्यांतल्या सुमारे ५१ हजार जणींना मारणारा नवरा, जोडीदार किंवा घरातलाच कुणीतरी होता. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं हेच दिसतं, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीतला तो अनोळखी राक्षस सिनेमात जास्त भेटतो.

घरातल्या माणसापासून पिस्तूल कसं लपवणार? होल्स्टर कुठल्या कप्प्यात, गोळ्या कुठे, कुलपाची किल्ली कुठे, हे त्याला ठाऊकच असतं. बरेचदा ते आणलेलंही त्यानेच असतं. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका असलेल्या संशोधिकेने ११ शहरांतल्या अशा खुनांचा अभ्यास केला. तो २००३मध्ये प्रसिद्ध झाला. मारझोड करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असली, तर बाईचा जीव जाण्याचा धोका पाचपटींनी वाढतो, असं त्यात दिसलं. म्हणजे बाईच्या रक्षणासाठी घरात आलेलं हत्यार घरातल्याच हिंसेच्या हाती पडतं. यावर कुठल्याच कंपनीचं होल्स्टर चालत नाही.

मग काय, हातावर हात धरून बसायचं? मुळीच नाही. होल्स्टरच्या या पुराणातून आपल्या कामाची एक गोष्ट नक्की घेता येते. संकटात उपयोगी पडणारी वस्तू पर्सच्या तळाशी असून चालत नाही, ती हात आपोआप जाईल तिथेच हवी. पिस्तुलाचं सोडा, आपली शिट्टी, टॉर्च, मिरचीचा फवारा, मोबाइल, हे सगळं कुठे असतं? रुमाल, गोळ्या, बिलं, डब्याचा चमचा यांच्या खाली! शिट्टी गळ्यातल्या दोरीला असू द्या. फोन हातात किंवा खिशात असू द्या आणि ११२ कसा लावायचा हे मुलीबरोबर आईलाही पाठ असू द्या. घरातल्या मारासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. ते नंबर लिहून ठेवायची जागाही अशी निवडा, की तुम्हाला सापडेल आणि त्याला सापडणार नाही. आणि शिंप्याकडे पुढचा ड्रेस टाकाल तेव्हा ठणकावून सांगा, ‘दादा, खिसा हवा. शोभेचा नको, फोन मावेल असा!’

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाला असाल, तर मेतकूट-डिंकाच्या लाडवांबरोबर एक प्रश्नही घेऊन जा. नातवंड शेजाऱ्यांकडे खेळायला निघालं की लेकीला विचारायला लावा, ‘त्यांच्या घरी बंदूक आहे का? असली तर कुलपात आहे का?’ तिथले बालरोगतज्ज्ञही आईबापांना हेच विचारायला सांगतात. यात संकोच कसला? मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे सांगताना आपण लाजतो का?

बाकी ज्या पुढाऱ्यांना बायकांच्या हाती पिस्तूल द्यायची घाई झाली आहे, त्यांनी आधी आमच्या बसस्टँडवरचे दिवे लावावेत, रात्रीची शेवटची एसटी वेळेवर सोडावी, आणि चौकीत तक्रार द्यायला गेलेल्या बाईला ‘घरचं भांडण घरात मिटवा’ म्हणून परत पाठवणाऱ्या हवालदाराला जाब विचारावा. सरकारने करायचं राखणीचं काम आमच्या कमरेला बांधून मोकळं होऊ नये. या कमरेवर आधीच घर आहे, मूल आहे, पाण्याची कळशी आहे. त्यात आता अर्धा किलो लोखंड आणखी कशाला?