नाव, नाते आणि षष्ठी : इंग्रजीच्या अध्यापनाविषयी एक विचार

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेत इंग्रजीचा प्रवेश झाला. तेव्हापासून या शाळांतील मुलाच्या तोंडी इंग्रजीची जी अगदी पहिली वाक्ये येतात, त्यांत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आईचे नाव सांगणारी वाक्ये ठरलेली असतात. 'माय फादर्स नेम इज' एवढे म्हणताना सहा वर्षांचे मूल इंग्रजीतील दोन संबंधदर्शक रूपे एका दमात उच्चारते : एक सर्वनामाचे आणि एक नामाचे. मराठीतील विभक्तिविचार त्याच्या पुढ्यात येतो तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे षष्ठी नावाच्या व्याकरणिक घटकाशी आपल्या मुलांची पहिली जाणीवपूर्वक गाठ परभाषेत पडते, आणि तीही स्वतःच्या व कुटुंबियांच्या नावांच्या निमित्ताने. या गोष्टीची दखल मराठीच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. इंग्रजीची षष्ठी हा इंग्रजी विभागाचा विषय, असे मानून ती सोडून देण्यात आली आहे. वस्तुतः मराठीची षष्ठी ज्याला नीट उमगली आहे, तोच मराठी मुलाला इंग्रजीची षष्ठी समजावून सांगू शकेल.

वर्गात सामान्यतः दिले जाणारे समीकरण सर्वपरिचित आहे : 'चा-ची-चे' म्हणजे नावापुढे लोपचिन्ह आणि 'एस' हे अक्षर. परीक्षेपुरते ते उपयोगी पडते. पण ते अर्धे खरे आहे. 'रामाचा भाऊ', 'रामाची बहीण', 'रामाचे वडील' या तीन प्रयोगांत मराठी प्रत्यय मालकाच्या नावाला चिकटलेला असला, तरी त्याची नजर पुढच्या शब्दावर असते. भाऊ पुल्लिंगी, बहीण स्त्रीलिंगी, आणि वडिलांच्या बाबतीत तर आदरार्थी अनेकवचन. 'रामाची आई आली' आणि 'पाटील सरांच्या आई आल्या' या दोन वाक्यांतील अंतर वयाचे व मानाचे आहे, आणि ते प्रत्ययातून व्यक्त होते. इंग्रजी 'एस' यांपैकी कशाचीच वार्ता देत नाही. भाऊ, बहीण, वडील, आई, सर्वांना ते सारखेच लागते. मराठी षष्ठी विशेषणाप्रमाणे विकार पावते. इंग्रजी षष्ठी मालकावर एक खूण करून थांबते. संस्कृत व्याकरणपरंपरेने षष्ठीला कारकांत स्थान दिले नाही, कारण ती क्रियेशी नव्हे तर नामाचा नामाशी संबंध दाखविते. मराठीत हा नामसंबंध विशेषणाच्या वेशात वावरतो, ही तिची खास प्रकृती होय.

सर्वनामांकडे वळले की चित्र अधिक रंजक होते. हिंदीतील 'उसकी बहन' या प्रयोगावरून बहीण स्त्रीलिंगी आहे एवढेच कळते. ती मुलाची की मुलीची, हे कळत नाही. इंग्रजीत नेमके उलट : 'हिज' आणि 'हर' यांवरून मालकाचे लिंग कळते, संबंधित व्यक्तीचे नाही. संस्कृतमधील 'तस्य' आणि 'तस्याः' यांची रीतही तीच. मराठी मात्र दोन्ही सांगते : 'त्याचा', 'त्याची', 'तिचा', 'तिची'. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. येथे घरी मराठी बोलणारे आणि घरी दखनी किंवा हिंदी बोलणारे विद्यार्थी अनेक वर्गांत शेजारी-शेजारी बसतात. 'हिज सिस्टर'च्या जागी 'हर सिस्टर' म्हणण्याचा मोह दुसऱ्या मुलाला अधिक होईल, कारण त्याच्या भाषेने त्याला बहिणीच्या लिंगाकडे पाहण्याची सवय लावलेली आहे. मराठी मुलाला 'तिचा' आणि 'त्याचा' हा भेद मुळातच अवगत असतो. त्याने प्रत्ययाचा शेवट विसरून आरंभ तेवढा लक्षात ठेवायचा. उलट 'आमचा' आणि 'आपला' हा मराठीचा सूक्ष्म भेद इंग्रजी 'अवर'मध्ये बुजून जातो, आणि घराघरांतील 'आमची आई' तिथे 'माय मदर' होते. एकाच चुकीमागे दोन मुलांची दोन वेगळी कारणे असू शकतात, हे शिक्षकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

व्यक्तिनामे व नातेवाचक शब्द यांपासूनच इंग्रजी षष्ठीचा आरंभ करावा, यास आणखी एक सबळ कारण आहे. इंग्रजीत संबंध दाखविण्याच्या दोन रीती आहेत. 'ऑफ'च्या रीतीत शब्दक्रम मराठीच्या उलटा होतो. 'एस'च्या रीतीत तो मराठीसारखाच राहतो. 'रामाच्या भावाच्या मुलीचे लग्न' ही साखळी इंग्रजीत 'राम्स ब्रदर्स डॉटर्स वेडिंग' अशी कडीला कडी लावून उतरते. फरक एवढाच की, मराठीत मधल्या कड्यांचे 'च्या' होते व शेवटचा प्रत्यय तेवढा लग्नाच्या लिंगवचनाला अनुसरतो. इंग्रजीत प्रत्येक कडीवर तीच खूण पडते. माणसांच्या बाबतीत इंग्रजी साधारणतः 'एस'ची रीतच पसंत करते. तेव्हा जेथे दोन भाषांचा क्रम जुळतो तेथून प्रारंभ करणे आणि 'ऑफ'चा उलटा क्रम मागाहून आणणे, हे अध्यापनशास्त्राला धरून होईल.

उच्चाराचेही तसेच. या 'एस'चे उच्चार तीन होतात, आणि ते शिकविण्यासाठी वर्गाच्या हजेरीपटाइतके उत्तम साधन दुसरे नाही. दीपक, अमित या अघोष ध्वनीने संपणाऱ्या नावांपुढे स्वच्छ 'स्'. राम, गोविंद, सीता यांपुढे 'झ्'च्या जवळ जाणारा घोष ध्वनी. आणि गणेश, संतोष, विलास, सरोज यांपुढे 'इझ्'. जेम्स आणि चार्ल्स यांच्या नावांना लोपचिन्ह कोठे द्यावे याची चर्चा इंग्रजी व्याकरणांत असते. मराठी वर्गात रामदास, सुहास, श्रीनिवास आणि उल्हास हजर असताना ती चर्चा परदेशी वाटण्याचे कारण नाही. आडनावांच्या बाबतीत तर इंग्रजी चिन्ह मराठीतील एका संदिग्धतेवर प्रकाश टाकते. 'जोश्यांचे घर' म्हणजे आदरणीय अशा एका जोश्यांचे की जोशी कुटुंबाचे? मराठीत हे संदर्भावरून ठरते. इंग्रजीत लोपचिन्ह 'एस'च्या आधी आहे की नंतर, यावरून.

आता एका सार्वत्रिक चुकीचा विचार करू. 'फादर्स नेम'ऐवजी 'फादर नेम' हा प्रयोग विद्यार्थ्यांच्या वह्यांतच नव्हे, तर छापील अर्जांवरही सर्रास आढळतो. त्याला अज्ञान म्हणून हसण्यापूर्वी त्यामागील व्याकरण पाहावे. राजवाडा म्हणजे राजाचा वाडा, देवघर म्हणजे देवाचे घर. येथे षष्ठीचा प्रत्यय लोपतो आणि दोन नामे एकत्र येतात. यालाच आपण षष्ठी तत्पुरुष म्हणतो. 'फादर नेम' लिहिणारा विद्यार्थी नकळत तत्पुरुष समास करीत असतो. त्याला 'तू चुकलास' एवढेच सांगणे आणि 'तू तुझ्या भाषेचा नियम येथे लावलास; या भाषेत येथे प्रत्यय लोपत नाही' असे सांगणे, यांत मोठे अंतर आहे. मराठवाड्यातील ज्या घरांत इंग्रजी प्रथमच प्रवेश करीत आहे, तेथील मुलाच्या मनातील भय या दुसऱ्या वाक्याने कमी होते. आपली भाषा हा अडथळा नसून आधार आहे, असे त्याला कळते.

या आधाराची मुळे किती खोल आहेत, ते पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत इसवी सनापूर्वीच्या काळातील एक दानलेख आहे. पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुलाने दिलेले हे दान आहे. त्यातील प्राकृत रूपे 'मितदेवस', 'कुलस' अशी आहेत. व्यक्तीचे नाव आणि कुटुंबाचा निर्देश, दोन्ही षष्ठीत, आणि प्रत्यय 'स'! हा 'स' संस्कृत 'स्य'चा वंशज. इंग्रजी 'एस' हा प्राचीन इंग्रजीतील 'एस्' या षष्ठीप्रत्ययाचा अवशेष. दोहोंचे मूळ इंडो-युरोपीय कुळातील सकारयुक्त षष्ठीत शोधले जाते. पुढे मराठीने 'स' सोडून 'चा' जवळ केला. इंग्रजीने बाकीच्या विभक्ती टाकल्या, पण हा 'स' नामांपुरता जपला. विल्यम्स या आडनावात तो अद्याप गोठलेला दिसतो : विल्यम्स म्हणजे 'विल्यमचा'. परका वाटणारा प्रत्यय दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील दगडावर एका पैठणकराच्या नावापुढे कोरला गेला होता, हे विद्यार्थ्याला सांगता येण्याजोगे आहे आणि सांगितले पाहिजे.

नाव आणि षष्ठी यांचा संबंध केवळ व्याकरणाचा नाही. तो सत्तेचा आणि प्रतिष्ठेचाही आहे. मराठी माणसाचे पूर्ण नाव म्हणजे लुप्त षष्ठीची एक मालिकाच होय. मोरो केशव दामले हे नाव 'केशवाचा मुलगा मोरो, दामल्यांपैकी' असे वाचावे लागते. जुन्या दप्तरांत हा संबंध 'बिन' आणि 'कोम' या शब्दांनी उघड होत असे. निजामी राजवटीतील मराठवाड्याच्या कागदपत्रांत 'वल्द' आणि 'जौजे' आले, 'पि.' आणि 'भ्र.' ही आद्याक्षरेही येथे रूढ आहेत. त्यांतील तर्क लक्षणीय आहे. 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे पुत्र, 'पि.' म्हणजे पिता आणि 'भ्र.' म्हणजे भ्रतार. पहिल्या जोडीत नाते मुलाच्या बाजूने सांगितले जाते, दुसऱ्या जोडीत वडिलांच्या वा नवऱ्याच्या बाजूने. इंग्रजी कागदावर हे सारे 'सन ऑफ' आणि 'वाइफ ऑफ' यांच्या आद्याक्षरांत एकजात बसविले गेले. या सर्व पद्धतींत पुरुष पित्याचा, तर विवाहित स्त्री पतीची. स्त्रीचे नाव विवाहाने बदलते, म्हणजे तिची षष्ठी बदलते.

म्हणूनच मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने घेतलेला निर्णय भाषेच्या अभ्यासकांनीही ध्यानात घ्यावा असा आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवरील नावात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक झाला. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत मात्र पतीचे नाव लावण्याची जुनी पद्धत कायम राहिली. पैठण ज्यांची राजधानी, त्या सातवाहनांत गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र ही मातृनामे होतीच. त्यावरून तेव्हा मातृसत्ता होती असा निष्कर्ष काढता येत नाही. पण आईचे नाव लावणे येथे अश्रुतपूर्व नाही, एवढे निश्चित म्हणता येते. ज्या मुलाच्या घरी वडील नाहीत, त्याला 'माय फादर्स नेम इज' हे वाक्य सर्वांसमोर म्हणावयास लावणे हा व्याकरणाचा पाठ राहत नाही. 'माय मदर्स नेम', 'माय आजीज नेम' या वाक्यांतही तोच प्रत्यय आहे. षष्ठी शिकविण्यासाठी वडिलांचेच नाव लागते, असा इंग्रजी व्याकरणाचा नियम नाही. ज्या नगरीने विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ असा प्रदीर्घ संघर्ष पाहिला, तिला नावाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आणखी एक स्थित्यंतर नोंदविणे आवश्यक आहे. 'देशपांड्यांचे', 'शिंद्यांचे', 'सीतेचे' ही सामान्यरूपे मागे पडून 'देशपांडेंचे', 'शिंदेंचे', 'सीताचे' ही रूपे बळावत आहेत. याचा सर्व दोष इंग्रजीवर टाकणे योग्य नव्हे. कागदावर नोंदलेले नाव अक्षरशः अबाधित राहावे, ही आधुनिक व्यवहाराची गरजही त्यामागे आहे. तथापि नावाला हात न लावता पुढे खूण जोडणारी इंग्रजी षष्ठी बालपणापासून कानी पडत असता, नाव हा विकार पावणारा जिवंत शब्द आहे ही जाणीव क्षीण होणे अशक्य नाही. दोन्ही भाषांची रीत शेजारी ठेवून दाखविली, तर मूल दोन्ही जपू शकेल. एकीचा ठसा दुसरीवर नकळत उमटू दिला, तर हानी मराठीची होईल.

पहिलीच्या मुलावर विभक्ती आणि तत्पुरुष यांचे ओझे लादावे काय, असा आक्षेप येथे संभवतो. उत्तर स्पष्ट आहे : मुलावर परिभाषा लादू नये, शिक्षकाला मात्र ती अवगत असावी. आज प्राथमिक शाळांत बहुधा एकच शिक्षक मराठीही शिकवितो आणि इंग्रजीही. त्याच्या हाती दोन भाषांची दोन सुटी व्याकरणे पडतात. त्यांचा सांधा त्याला कोणी दाखवीत नाही. हे काम मराठी विभागांचे आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' सिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढे होता. त्यातून मराठीला स्वतःकडे पाहण्याची एक दृष्टी लाभली. आता परतफेडीची वेळ आहे. पदवी स्तरावरील व्याकरणाच्या अभ्यासपत्रिकेत मराठी, हिंदी-दखनी व इंग्रजी यांच्या षष्ठीचा तौलनिक भाग असावा, आणि त्याची उदाहरणे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या नावांतून, सातबाऱ्यांतून व जुन्या दस्तऐवजांतून घ्यावीत. असा पदवीधर उद्या गंगापूर वा सिल्लोडच्या शाळेत उभा राहील, तेव्हा 'फादर नेम' लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर तो केवळ लाल रेघ ओढणार नाही.