सेकंडहँड रोटाव्हेटर: भाव विचारण्याआधी हिशोब मांडा

भाड्याने रोटाव्हेटर मारायचा धंदा करायचाय, घरचा ट्रॅक्टर आहे, पण नव्या मशीनएवढे पैसे हातात नाहीत, असं सांगणारे आपल्या प्रत्येक बॅचमध्ये दोन-चार जण असतातच. प्रश्नही ठरलेला. "सर, शेजारच्या गावात जुना सहा फुटी मिळतोय, ६० हजार म्हणतोय. घेऊ का?"

आधी एक सांगतो. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. जुनी मशीनं जितकी जास्त विकली जातील तितकी बेअरिंगं आणि ऑईल सील माझ्याकडूनच जातील. तरी माझं मत असं आहे की भाड्याच्या धंद्यासाठी जुना रोटाव्हेटर घ्यायचा की नाही, हे विकणाऱ्याच्या भावावरून ठरवूच नका. सीझनमध्ये तुम्ही किती एकर मारणार, त्यावरून ठरवा.

आकडे समजायला सोपे घेतो, तुमच्या भागातले दर तुम्ही टाका. समजा एकरी १,५०० रुपये भाडं मिळतं. डिझेल, ड्रायव्हर आणि ट्रॅक्टरची झीज धरून ९०० गेले. उरले ६००. आता ६० हजारांच्या मशीनवर पाती, बेअरिंग, सील, क्रॉस असं सगळं मिळून १८ हजार लावले, तर ते ७८ हजारांना पडलं. ६० ही फक्त सुरुवात होती. नवीन मशीन समजा १ लाख ५ हजारांना येतंय. म्हणजे जुनं घेऊन तुम्ही वाचवले २७ हजार. दिवसाला ६ एकर धरले तर रोजचे ३,६०० सुटतात. साडेसात दिवस मशीन उभं राहिलं की ते वाचवलेले २७ हजार गेले!

साडेसात दिवस खूप वाटतात ना? पण मशीन बंद पडतं ते मे-जूनमध्ये, सगळे पावसाची वाट बघत असताना. गिअरबॉक्स फुटला की मिस्त्री मिळायला दोन दिवस, पार्ट यायला एक दिवस, आणि तोपर्यंत शेतकरी दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून मोकळा. तो शेतकरी रब्बीलाही तुम्हाला फोन करेलच असं नाही. हा तोटा वहीत कुठेच दिसत नाही.

म्हणून माझा कल सरळ आहे. घरची शेती आणि वर भावकीतली, शेजारची ४०-५० एकर एवढंच काम असेल तर चांगला जुना बिनधास्त घ्या. शंभर-दीडशे एकरांचं गिऱ्हाईक बांधायचं असेल तर थोडं कर्ज झालं तरी नवीन घ्या. आणि स्वतःचा ट्रॅक्टरच नसेल तर रोटाव्हेटरच्या नादाला लागू नका. भाड्याच्या ट्रॅक्टरमागे स्वतःचं अवजार लावून काही उरत नाही.

अजून एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. करापूर्वीची किंमत १ लाख असेल तर आधी १ लाख १२ हजार पडायचे, आता १ लाख ५ हजार. विकणारा जुनं बिल दाखवून "मी एवढ्याला घेतला होता" म्हणेल. त्याने कितीला घेतला याच्याशी तुम्हाला काय करायचंय? आजच नव्याचं कोटेशन डीलरकडून घेऊन खिशात ठेवा आणि मगच बोलायला बसा.

आता मशीन बघायला गेलात की बहुतेकांची नजर आधी पात्यांवर जाते. पाती झिजलेली असणारच, ती बदलायचीच असतात, नट-बोल्ट खोलून काम होतं. ताजा रंग दिसला तर मात्र थांबा, आणि रंगाखाली वेल्डिंगचे जोड शोधा. खरा पैसा गिअरबॉक्समध्ये आहे. ट्रॅक्टर बंद ठेवून इनपुट शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवा. रोटर हलायच्या आधी शाफ्ट बराच मोकळा फिरत असेल तर क्राऊन-पिनियनची झीज झाली आहे असं समजा. ड्रेन प्लग उघडून थोडं ऑईल बोटावर घ्या. दुधट असेल तर आत पाणी गेलंय, चमचम करत असेल तर धातू झिजतोय. रोटर जमिनीपासून उचलून खाली पहार घाला आणि वर-खाली हलवून बघा, बेअरिंगचा प्ले लगेच कळतो.

मग ट्रॅक्टरला जोडून पीटीओ ५४० आरपीएमवर दहा-पंधरा मिनिटं चालवायला सांगा. तुम्ही लांब उभे राहून फक्त आवाज ऐका. घरघर, टकटक आली की भाव तिथेच उतरतो. गिअरबॉक्स किती तापलाय ते इंजिन बंद करून, सगळं फिरायचं थांबल्यावरच बघायचं. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर बऱ्याच जुन्या मशीनवर नसतं. धोतराचं टोक किंवा साडीचा पदर त्यात अडकला तर माणूस जातो. त्या कव्हरचे पैसे दुरुस्तीच्या यादीत पहिले लिहा.

मशीन कोणत्या रानात चाललंय हेही विचारा. काळ्या मातीतली पाच वर्षं आणि मुरमाड, दगडगोट्यांच्या रानातली पाच वर्षं सारखी नसतात. विकणारा नाही सांगणार, त्याचा ड्रायव्हर चहा पिता पिता सांगेल. तुमच्या ट्रॅक्टरचा एचपीही जुळला पाहिजे. ३५ एचपीमागे सहा फुटी स्वस्तात मिळाला म्हणून लावलात तर ट्रॅक्टर दमेल आणि डिझेल पिईल.

सौदा पेरण्या उरकल्यावर करा, तेव्हा विकणाऱ्यालाही जागा अडवून बसलेलं मशीन नको असतं. मूळ बिल मागा. बँकेचं कर्ज बाकी नाही ना, आणि मशीन अनुदानावर घेतलं असेल तर विकायला काही अट आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. दुरुस्तीची यादी कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा आणि तेवढी रक्कम ६० मधून वजा करून आकडा सांगा. नाही म्हणाला तर नंबर देऊन निघा. पुढच्या आठवड्यात फोन येतो बऱ्याचदा.