वचन एकच, अर्थ कुणाचा?

तिचा हात प्लास्टरमध्ये होता. आमच्या सल्ला केंद्रात ती दुसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्याची मारहाण सगळी सांगून झाल्यावर म्हणाली होती, "पण ताई, आमच्यात नवरा सोडता येत नाही. बायबलातच तसं आहे. फादरही तेच म्हणाले." समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी त्यावर गप्प बसले. हा त्यांच्या धर्माचा प्रश्न, आपण बाहेरच्यांनी पडू नये, असं म्हणून तिला परत जाऊ दिलं. माझ्या गप्प बसण्याची किंमत तिने मोजली.

"बायबलातच तसं आहे" म्हणजे नेमकं काय आहे, ते त्यानंतर मी वाचायला बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय. काही परूशी येशूला विचारतात, वाटेल त्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला टाकलं तर चालेल का? त्या काळी नवऱ्याने सूटपत्र लिहून हातात दिलं की बाई घराबाहेर. देवाने बांधलेली गाठ माणसाने सोडवू नये, अशा अर्थाचं उत्तर येशू देतो. प्रश्न कुणी विचारला आणि उत्तर कुणाला मिळालं, हे नीट पाहा. बायकोला टाकू पाहणाऱ्या पुरुषांना घातलेला तो लगाम आहे. परित्यक्तांच्या प्रश्नावर मोर्चे काढणाऱ्या आपल्याला तरी हे चटकन कळायला हवं. पण तोच लगाम आज मार खाऊन बाहेर पडू पाहणाऱ्या बाईला घातला जातो.

बरं, या वचनाचा अर्थ सगळे ख्रिस्ती पंथ एकच लावतात का? मुळीच नाही. मत्तयात व्यभिचाराचा एक अपवाद आहे. मार्क आणि लूक यांच्यात तो नाहीच. मूळ ग्रीक शब्द 'पोर्निया'. अनेक कॅथलिक भाष्यकारांच्या मते तो मुळातच अवैध असलेल्या संबंधांविषयी आहे, म्हणून वैध लग्न मोडत नाही. ऑर्थोडॉक्स परंपरा त्याच अपवादावर बोट ठेवून घटस्फोट मान्य करते आणि माणसाच्या दुबळेपणाची दया म्हणून तिसऱ्या लग्नापर्यंत मुभा देते. प्रॉटेस्टंटांच्या १६४७ च्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रकाने व्यभिचाराला दुसरं कारण जोडलं: जोडीदाराने कायमचं सोडून जाणं. मारहाण त्या यादीत नाही! पहिला जोडीदार हयात असताना घटस्फोटितांना चर्चमध्ये पुन्हा लग्न करू द्यायला चर्च ऑफ इंग्लंडला २००२ साल उजाडावं लागलं.

म्हणजे वचन तेच, अर्थ निराळे. आणि शतकानुशतकं ते लावणारे बहुतेक सगळे पुरुषच. मग माझ्यासमोर बसलेल्या बाईला फक्त एकच अर्थ का सांगितला गेला? कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधीसंहितेचं ११५३ वं कलम सांगतं की जोडीदारामुळे जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला रास्त कारण आहे. लग्न न मोडताही तिला घर सोडता येत होतं. हे तिला कुणीच सांगितलं नाही.

कायद्यानेही हेच केलं. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोने मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करायचं. हा भेद कोणत्या वचनात आहे? मार्काच्या १० व्या अध्यायात तर नवरा आणि बायको दोघांना एकच नियम आहे. हा भेद आला १८५७ च्या इंग्लंडच्या कायद्यातून. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो भेद मोडला, तेव्हा कुठे २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. एकशे बत्तीस वर्षं!

आता कुणी म्हणेल, धर्मग्रंथाचा अर्थ लावणं हे बायकांचं काम नाही. त्यांना केडगावची आठवण करून द्यावी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याच्या छपाईचं काम केलं. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने बाहेर आलं.

मैत्रिणींनो, कोणत्याही धर्माचं वचन पुढे आलं की आपण दबतो. यापुढे विचारू या: हा अर्थ कुणी लावला? दुसरे कोणते अर्थ आहेत? त्या वेळी बाईला विचारलं होतं का? आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे, हे पहिल्याच भेटीत सांगू या.

ती आता बहिणीकडे राहते. दर रविवारी चर्चला जाते. मुद्दाम पुढच्या बाकावर बसते.