पेट्रोल उतू जातं तेव्हा...

प्रीमिअर पद्मिनी घेऊन मरीन ड्राइव्हला एक चक्कर मारा. शेजारच्या चकाचक एसयूव्हीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही! ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेल्या, तेव्हापासून तर या गाडीवरचं प्रेम उतूच चाललंय. प्रॉब्लेम एवढाच, की प्रेमाबरोबर कधी कधी पेट्रोलही उतू जातं.

मामाची पद्मिनी माझ्याकडे आल्यापासून मित्रांचे फोन ठरलेले. ‘यार, बॉनेटखाली पेट्रोलचा जाम वास येतोय. ऑफिसला जाऊन येऊ का?’ माझं उत्तर एकच. अजिबात नाही! आधी इंजिन बंद. सिगरेट लांब. इंजिन गार झालं की बॅटरीची वायर काढा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकतंय म्हणजे नुसता मायलेजचा प्रश्न नाही, गाडी पेटू शकते.

आता फंडा समजून घ्या. तुमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना? कार्ब्युरेटरमध्ये तेच काम फ्लोट करतो. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो, नीडलला ढकलतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. ती नीट बंद झाली नाही की ओव्हरफ्लो.

पहिला संशयित कचरा. जुन्या टाकीतला गंज नीडलखाली अडकतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कार्ब्युरेटरला हलकेच टिचक्या मारल्या तर कधी कधी सुटतो, पण ही तात्पुरती मलमपट्टी. झाकण उघडून सफाई करा आणि पेट्रोल फिल्टरही बदला. नीडलच्या टोकावर खाच पडली असेल तर नीडल आणि तिची सीट, दोन्ही नवीन टाका.

मग फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला? म्हणजे भोक पडलंय. डाग देऊन घेण्याचा मोह नको. वजन वाढलं की फ्लोट खाली बसतो, पेट्रोलची पातळी वर जाते आणि पुन्हा तेच रडगाणं.

दोन्ही ठीक असतील तर पंपाकडे बघा. कोणी हौसेने जास्त प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप बसवला असेल, तर बिचारी नीडल किती तग धरणार? आणि हो, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, त्यामुळे पाइपही तपासा.

सगळं झालं की लगेच स्टार्टर मारू नका! डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय? मग पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरलंय. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी पळवली तर बेअरिंग खलास. आधी ऑइल बदला.

‘अख्खा कार्ब्युरेटरच बदला’ असं मेकॅनिक म्हणाला, तर आधी त्याला झाकण उघडायला सांगा. पुष्कळदा चोर ती इवलीशी नीडलच निघते!